काडतुसाचे पेन

आमचे मामू कुवेतमध्ये एका अरब कुटुंबाकडे ड्रायव्हर आहेत. दोन वर्षांपूर्वी ते कुटुंब उन्हाळ्यात महिनाभर बोस्नियातल्या सारायेवो शहरी राहायला गेले, तेव्हा मामूंनाही सोबत नेले. आखातातली बरीच मंडळी अलीकडे थंड हवेसाठी तिकडे जातात. रजेवर गावी आल्यावर मामूंच्या बॅगेतून तीन वस्तू निघाल्या. अम्मीसाठी तांब्याचे लांब दांड्याचे कॉफीचे भांडे, मुलांसाठी 'लोकुम' नावाच्या मिठाईचा डबा आणि आमच्यासाठी पितळेचे एक पेन. बंदुकीची रिकामी काडतुसे जोडून ते केलेले होते आणि वर बारीक नक्षी होती.

"मास्तर आदमी को पेन इच देना," मामू म्हणाले. "बुड्ढा पंद्रा मार्क बोल्या, आठ में लाया. अपन को कोन फसाएगा?"

तिथला एक मार्क म्हणजे साधारण पन्नास रुपये. म्हणजे मामूंनी साडेतीनशे रुपये वाचवले होते. घरात सगळ्यांनी त्यांची तारीफ केली, आम्हीही केली.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पर्यटन आणि इतिहास यांच्यावर एक पाठ आहे. बी.एड.ला असताना आम्हांला शिकवले होते की, मुलांच्या हाती प्रत्यक्ष वस्तू दिली की अर्धा पाठ आपोआप होतो. म्हणून आम्ही ते पेन वर्गात नेले. ते बाकाबाकांवरून फिरत शेवटच्या रांगेत गेले. तिथली एक मुलगी कधी फारशी बोलत नाही. तिने पेन उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सर, ये गोली किसी को लगी थी क्या?"

वर्ग गप्प झाला. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर काही महिने, मिळेल तिथून, आम्ही सारायेवोच्या बाजाराविषयी वाचत राहिलो. त्या मुलीला जे सांगायला हवे होते ते इथे लिहीत आहोत.

शहराच्या नावापासूनच सुरुवात करू. तुर्की भाषेत 'सराय' म्हणजे वाडा. मराठीत आणि उर्दूत तो शब्द मुसाफिरखान्यासाठी रुळला. पंधराव्या शतकात उस्मानी तुर्कांनी बोस्निया जिंकला. त्यांचा सुभेदार इसा बेग इसहाकोविच याने मिल्याच्का नदीच्या काठी मशीद, पूल, हमामखाना आणि व्यापाऱ्यांसाठी सराय बांधली, आणि सरायीभोवती दुकाने काढली. १४६२ हे या बाजाराच्या स्थापनेचे साल मानतात. या बाजाराला म्हणतात बाशचार्शिया. 'बाश' म्हणजे मुख्य. 'चार्शिया' हा शब्द फारसीतल्या 'चारसू'पासून आला, म्हणजे चार बाजू, आपल्याकडचा चौक. युरोपच्या नकाशावर इटलीच्या पलीकडे असलेल्या या गावातला मुख्य बाजार म्हणजे आपला चौक बाजारच निघाला!

या बाजाराला खरे वैभव दिले ते गाझी हुस्रेव बेग या सुभेदाराने. तो सुलतान दुसऱ्या बायझीदचा नातू, मुलीचा मुलगा. १५२१ पासून १५४१ पर्यंत, मधला थोडा काळ सोडून, बोस्नियाचा कारभार त्याच्याकडे होता. त्याने १५३० च्या सुमारास मोठी मशीद बांधली, १५३७ मध्ये मदरसा आणि त्याच्यासोबत ग्रंथालय काढले, गोरगरिबांसाठी लंगर सुरू केले. आता प्रश्न असा की, हे सगळे चालायचे कशावर? उत्तर बाजारात आहे. त्याने शंभर मीटरहून लांब असा दगडी छपराचा बाजार बांधवला, सराया आणि दुकाने उभी केली आणि त्यांचे भाडे वक्फ करून टाकले. म्हणजे कापडाच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक शिरले की त्याच्या पैशातला एखादा हिस्सा भाड्याच्या वाटेने मदरशातल्या पोराच्या ताटापर्यंत पोहोचायचा. वक्फ म्हटले की आपल्याकडे कोर्टकचेरी आणि अतिक्रमण एवढेच डोळ्यांपुढे येते. मुळात तो बाजार, शाळा आणि स्वयंपाकघर यांना एका दोरीत बांधणारा व्यवहार होता.

छपराच्या या बाजाराला तिथे 'बेझिस्तान' म्हणतात. 'बज़्ज़ाज़' म्हणजे कापडवाला, त्याचे ठिकाण ते बेझिस्तान. १५५१ मध्ये उस्मानी वजीर रुस्तम पाशाने दुसरा बेझिस्तान बांधवला, सहा घुमटांचा. त्यात तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचे रेशीम विकले जाई, म्हणून त्याला 'ब्रुसा बेझिस्तान' असे नाव पडले. आज तिथे शहराचे संग्रहालय आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर एव्लिया चेलेबी हा प्रसिद्ध तुर्की प्रवासी इथे येऊन गेला. त्याने या बाजारात १,०८० दुकाने असल्याचे लिहिले आहे. इथे मिळणाऱ्या परदेशी मालात त्याने हिंदुस्थानच्या मालाचेही नाव घेतले आहे.

बाजाराच्या गल्ल्या धंद्यांप्रमाणे वाटलेल्या होत्या आणि त्यांची नावे आजही तीच आहेत. काझान्जिलुक ही तांबटांची गल्ली, 'काझान' म्हणजे मोठी कढई. साराची ही चामड्याचे खोगीर-लगाम करणाऱ्यांची. कोवाची ही लोहारांची. प्रत्येक धंद्याची एक पंचायत असे, तिला 'एस्नाफ' म्हणत. हा शब्द वाचून आम्हांला हसू आले. उर्दूच्या तासाला आम्ही 'असनाफ-ए-अदब' म्हणजे साहित्याचे प्रकार शिकवतो, तोच हा शब्द. तिथे तो चांभार, शिंपी आणि तांबटांच्या पोटाशी बांधलेला आहे. या पंचायतीत शिकाऊ पोराला म्हणत 'शेग्र्त', म्हणजे आपला शागिर्द. तो तयार झाला की 'काल्फा' व्हायचा, म्हणजे खलिफा. उर्दूतही हुन्नर जाणणाऱ्या कारागिराला, शिंप्याला, न्हाव्याला खलिफा म्हणण्याची रीत आहे. काल्फाचे काम वडीलधाऱ्यांना पसंत पडले की तो उस्ताद होऊन स्वतःचे दुकान थाटू शके.

भावाचे काय? उस्मानी राज्यात रोजच्या गरजेच्या जिनसांचे भाव काझी आणि पंचायतीची माणसे बसून ठरवीत. त्या भावाला 'नर्ख' म्हणत. जुन्या मराठी कागदपत्रांत 'निरख' हा शब्द ज्यांनी वाचला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणजे पाव, मांस, मीठ यांत घासाघीस नव्हती. वजनात मारले तर शिक्षा होती. घासाघीस होती ती नक्षीच्या भांड्यात, गालिच्यात, रेशमात. जिथे कारागिराच्या हाताची किंमत ठरवायची असते, तिथेच बोलणे लांबते.

दुकानांची घडण पाहण्यासारखी आहे. लाकडी दुकानाला दोन आडव्या फळ्या. वरची उचलली की सावली होते, खालची पाडली की बैठक होते. दुकानदार त्या फळीवर माल मांडून मांडी घालून बसे. गिऱ्हाईक रस्त्यावर उभे राहूनच बोले. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तिथे 'सेफ्ते' म्हणतात. आपल्याकडे बोहणी किंवा भवानी म्हणतात. जुन्या काळी एखाद्याची भवानी झाली आणि शेजाऱ्याची झाली नसेल, तर दुसरे गिऱ्हाईक तो शेजाऱ्याकडे पाठवी, असे सांगतात. हे रोज होत असेल असे आम्ही म्हणणार नाही. व्यापारी सगळीकडे सारखेच. पण लोक असे सांगत आले, म्हणजे चांगला दुकानदार कोणता याची त्यांची व्याख्या ती होती.

शब्दांची यादी संपता संपत नाही. दुकानाला 'दुचान', गिऱ्हाइकाला 'मुश्तेरिया', किराणावाल्याला 'बकाल', कल्हईला 'कालाय'. गिऱ्हाइकाला परत द्यायच्या सुट्ट्या पैशांना ते 'कुसुर' म्हणतात. आपल्याकडे कसूर म्हणजे चूक, उणेपणा. देवाणघेवाणीत जे उणे राहिले ते भरून द्यायचे, म्हणून कुसुर. चौकात लाकडी घुमटीचा जुना पाणवठा आहे, त्याचे नाव 'सेबिल्य'. मुहर्रममध्ये आपण रस्त्यावर सरबताची सबील लावतो ना, तीच ही. पहिला सेबिल्य १७५३ साली बांधला होता. आजचा ऑस्ट्रियाच्या काळातला आहे.

हा बाजार एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता. स्पेनमधून १४९२ मध्ये हाकललेल्या यहुद्यांचे वंशज सोळाव्या शतकात इथे आले. त्यांचे जुने प्रार्थनागृह बाजारालगतच आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचे जुने चर्च आणि कॅथलिकांचे १८८९ चे कॅथेड्रल, ही सगळी गाझी हुस्रेव बेगच्या मशिदीपासून चालत काही मिनिटांवर आहेत. शेजाऱ्याला तिथे 'कोमशिया' म्हणतात आणि शेजारधर्माला वेगळा शब्द आहे, 'कोमशिलुक'.

संकटे बाजाराने पुष्कळ पाहिली. १६९७ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स यूजीन याने शहर जाळले. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे राज्य आले आणि पुढच्याच वर्षी मोठी आग लागून बाजाराचा बराच भाग गेला. त्या जागी व्हिएन्नाच्या धर्तीच्या इमारती आल्या. आजही एका सरळ रस्त्यावर चालताना तुर्की दुकाने संपतात आणि युरोपी इमारती सुरू होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या सरकारने जुनाट म्हणून बाजाराचा काही भाग पाडला. पुढे शहाणपण सुचले आणि १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या आधी डागडुजी झाली.

ऑस्ट्रियाच्या काळातली एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. सरकारला नदीकाठी नगरभवन बांधायचे होते. जागेवर एका म्हाताऱ्याचे घर होते. सरकार भाव वाढवीत गेले, म्हातारा ऐकेना. शेवटी त्याने मोहरांची थैली तर घेतलीच, शिवाय अट घातली की माझे घर एकेक वीट उचलून नदीच्या पलीकडे जसेच्या तसे उभे करून द्या. सरकारला ते करावे लागले. ते घर 'इनात कुचा' म्हणून आजही उभे आहे. इनात म्हणजे उर्दूतला इनाद, हट्ट. बाजारातल्या माणसाने बादशाहीशी केलेली ही घासाघीस. विकायचे नसेल तर माणूस काय किंमत सांगेल याला मर्यादा नसते.

ज्या नगरभवनासाठी हे झाले ते १८९६ मध्ये उघडले. पुढे तिथे राष्ट्रीय ग्रंथालय आले. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफांच्या माऱ्यात ते पेटले आणि लाखो पुस्तके जळाली. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाशी येऊ. युगोस्लाविया फुटला आणि एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियातल्या सर्ब सैन्याने सारायेवोला वेढा घातला. शहर वाटीसारखे आहे, चहूकडे डोंगर. डोंगरावर तोफा आणि नेमबाज, खाली चार लाखांच्या आसपास माणसे. २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १,४२५ दिवस हा वेढा चालला. वीज, पाणी, गॅस बंद. अशा वेळी बाजार काय विकतो? जे येईल ते. मदतीच्या विमानातून आलेला तांदूळ आणि डबे, चोरट्या वाटेने आलेली साखर आणि कॉफी. देशाच्या नोटेला किंमत उरली नाही. जर्मन मार्क चाले किंवा सिगारेट चाले. शहरातला सिगारेटचा कारखाना बंद पडला नाही. वेष्टनाला कागद नव्हता, म्हणून मिळेल त्या छापील कागदात पाकिटे बांधली जात. शिपायांना पगारात सिगारेटी मिळत आणि त्या देऊन घरची माणसे पाव आणत. १९९३ मध्ये विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरचे भुयार खणले. त्यातून जखमी बाहेर जात आणि पिठाची पोती आत येत. काळा बाजार करून गब्बर झालेलेही होतेच, आणि ते सगळ्या बाजूंचे होते.

बाजारात मरण आले ते ५ फेब्रुवारी १९९४ ला. मार्काले नावाची भाजी मंडई आहे. जर्मन भाषेतल्या 'मार्केट हॉल'च्या शब्दावरून लोकांच्या तोंडी हे नाव बसले. शनिवारची दुपार होती, गर्दी होती. तोफेचा एक गोळा मध्यभागी पडला. ६८ माणसे मेली, १४० हून जास्त जखमी झाली. २८ ऑगस्ट १९९५ ला तिथेच जवळ पुन्हा गोळे पडले, ४३ माणसे गेली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटले चालले. डोंगरावरच्या सैन्याचा एक सेनापती स्टानिस्लाव गालिच याला २००६ मध्ये जन्मठेप झाली. त्यात मंडईवरचा गोळाही होता. मेलेल्यांच्या हातात काय असेल? कोबीचा गड्डा, मूठभर कांदे, आदल्या दिवशीपेक्षा एखादा मार्क कमी भावाने मिळालेले काहीतरी. घासाघीस करताना माणसे थोडा जास्त वेळ उभी राहतात, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

पण ही कहाणी अर्धीच सांगून थांबलो तर आम्ही शिक्षक कसले? शहराचा बचाव करणाऱ्या फौजेतला एक मोठा अधिकारी योव्हान दिव्याक स्वतः सर्ब होता. तो आपल्या शेजाऱ्यांबरोबर राहिला आणि २०२१ मध्ये त्याच शहरात वारला. मेलेल्यांत सर्ब होते, क्रोएट होते, यहुदी होते. आणि आणखी एक गोष्ट. शहराच्या बाजूने लढणाऱ्या एका पलटणीच्या म्होरक्याने आणि त्याच्या माणसांनी शहरातल्या निरपराध नागरिकांना, बहुतेक सर्बांना, डोंगरावर नेऊन मारले आणि एका खोल खड्ड्यात टाकले. त्या जागेचे नाव काझानी. तांबटांच्या गल्लीच्या नावातला 'काझान', कढई, तोच हा शब्द. तिथे स्मारक उभे राहायला २०२१ साल उजाडले. आपल्या माणसांनी केलेले पाप मोजायला तराजू लवकर सापडत नाही, हे सारायेवोलाच लागू आहे असे नाही.

वेढा उठला तेव्हा तांबटांच्या गल्लीत तांबे नव्हते, गिऱ्हाईक नव्हते. पण रस्त्यात, अंगणात, छपरांवर पितळ मात्र भरपूर पडले होते. बंदुकीची काडतुसे, तोफगोळ्यांची नळकांडी. कारागिरांच्या हाती हातोडी आणि छिन्नी होतीच. जी नक्षी बापजाद्यांनी सुरईवर आणि ताटावर काढली तीच ते तोफगोळ्याच्या नळकांड्यावर काढू लागले. त्यांचे फुलदाण झाले, काडतुसांचे पेन झाले, किल्लीचे जुडगे झाले. युद्धातल्या पितळेवर नक्षी काढण्याची रीत जगात जुनी आहे, पण इथे ती पोटासाठी कामी आली. परदेशी पाहुणे येऊ लागले आणि ते घेऊ लागले. आज तिथली मार्क ही नोटही त्या दिवसांची आठवण आहे. १९९८ मध्ये बोस्नियाने आपले चलन सुरू केले तेव्हा लोकांचा भरवसा जर्मन मार्कावरच होता. म्हणून नाव मार्क आणि किंमतही तेवढीच ठरवली. जर्मनीचा मार्क २००२ मध्ये व्यवहारातून गेला, बोस्नियाचा राहिला.

आज कोणी तिथे खरेदीला गेले तर काय पाहावे, हेही सांगून टाकतो. तांब्याचे कॉफीचे भांडे, त्याला 'जेझ्वा' म्हणतात, आणि बिनकानाचा छोटा पेला, 'फिल्जान'. भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके दिसले, आत कल्हई असली, वजन हाताला जाणवले, तर ते हातचे काम. गुळगुळीत, हलके आणि एकसारखी दहा मांडलेली असतील तर ती बहुधा यंत्राची. अशातला पुष्कळ माल तुर्कस्तानातून येतो. कोन्यित्स गावचे लाकडी कोरीवकाम आहे, ज्याला २०१७ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतले. भाव बहुतेक ठिकाणी लिहिलेले असतात. फार ओढाताण चालत नाही, दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या की थोडे सोडतात. तांबटांच्या गल्लीत ठोक्यांचा आवाज येतो त्या दुकानात शिरावे, एवढे सोपे आहे.

हे सगळे मामूंना सांगितले. ते पुढच्या रजेवर आले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे लेते वक्त बुड्ढा कुछ बोल्या था. मेरे कू इतना इच समझा, 'हलाल'."

तिथे सौदा झाला, निरोप घ्यायची वेळ झाली की हा शब्द वापरतात. माझ्याकडून काही राहिले असेल तर माफ, तुझ्याकडून राहिले असेल तर माफ. आपण 'कहा-सुना माफ' म्हणतो तसेच. म्हाताऱ्याने आठ मार्क घेतले आणि उरलेले सात मामूंना हलाल करून दिले.

"अगली बार कुछ भाव नहीं करूंगा," मामू म्हणाले. आम्ही म्हटले, असे करू नका. जेझ्वाचा भाव जरूर करा, दोन घटका बसून करा. त्यात कारागिराचाही मान आहे. पेनाचा करू नका.

ती मुलगी आता अकरावीला गेली. परवा बाजारात अम्मीसोबत कल्हईवाल्याकडे बसलो होतो, ती बापाबरोबर भाजी घेत होती. आम्ही तिला हाक मारून सांगितले की, ती गोळी कोणाला लागली हे कोणालाच माहीत नाही, पण वेढा सुरू झाल्याला वीस वर्षे झाली तेव्हा, २०१२ साली, त्या शहराने रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. तिने आकडा पुन्हा विचारला. आम्ही पुन्हा सांगितला. मग तिचा बाप मेथीच्या जुडीचा भाव करायला लागला आणि ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.